टेबलाच्या खणातलं पुस्तक

आमच्या नातेवाइकांत मी बरीच वर्षं चांगला नवरा म्हणून प्रसिद्ध होतो. लग्नकार्यात कुणीतरी हमखास शेजारच्या खुर्चीवर येऊन बसायचं आणि म्हणायचं, "तुमच्यासारखे हवेत हो, बायकोला पुढे जाऊ देणारे." मी हसायचो आणि वाटीतल्या मठ्ठ्याकडे बघत राहायचो. मुळातच मी अबोल, त्यामुळे लोकांना तो माझा विनय वाटायचा. विनय कसला, घास घशाखाली उतरत नसायचा.

नव्वदच्या सुमारास आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहायला आलो. निम्मे प्लॉट अजून मोकळे होते, संध्याकाळी त्यावर म्हशी बसलेल्या असायच्या. कॉलनीच्या सभागृहामागे एक खोली रिकामी होती. तिथे आम्ही पाच-सहा जणांनी वाचनालय काढलं. चार लोखंडी कपाटं, एक टेबल, एक उंच स्टूल. दिवसा मी सरकारी कचेरीत कारकून आणि संध्याकाळी सहा ते आठ वाचनालयाचा मानद सचिव. मानद म्हणजे झाडूसुद्धा मीच मारायचा.

आमच्याकडे एक पद्धत पडून गेली होती. सभासदत्व घराला एकच, तेही घरातल्या पुरुषाच्या नावावर. बायका स्वतः क्वचितच यायच्या. कचेरीतून परतताना नवरे यायचे, जुनं पुस्तक टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, "घरी काहीतरी चांगलं द्या." चांगलं म्हणजे काय, ते मी ठरवायचो. कॉलनीतल्या बायका काय वाचतात हे त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक असायचं. माझी बायको तर घरातच. तिच्यासाठी मीच पुस्तक नेणार, हे इतकं गृहीत होतं की वाचनालय निघाल्यापासून तिने त्याचा उंबरठा ओलांडला नव्हता. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ती डी.एड. झालेली होती, दुपारी दोन-चार शिकवण्या घ्यायची आणि उरलेल्या वेळात मी नेलेली पुस्तकं वाचायची.

पुढे कॉलनीत सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांची मंगळसूत्रं खेचण्याचे दोन-तीन प्रकार झाले. आमचे अध्यक्ष निवृत्त अभियंता, आवाज खणखणीत. ते म्हणाले, "सचिव, नुसत्या कादंबऱ्या वाटून काय उपयोग? लोकांना शहाणं करा. स्वावलंबन, स्वसंरक्षण, व्यक्तिस्वातंत्र्य, असं काहीतरी मांडा."

मला अशी कामं आवडायची. कपाटातून शोधून आणि रविवार कारंजाजवळच्या दुकानातून काही आणून मी एक वेगळी फळी लावली. त्यात घरदुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक होतं. फ्यूज कसा बांधावा, नळाचा वायसर कसा बदलावा, सायकलचं पंक्चर कसं काढावं, सगळं चित्रांसकट. पोलिसांनी बोलावलं तर आपले हक्क काय, हे सांगणारी एका वकिलांची छोटी पुस्तिका होती. झटापटीतून हात कसा सोडवावा हे दाखवणारं एक पुस्तक होतं. त्यातला हल्लेखोर प्रत्येक चित्रात टाय लावून होता. व्यक्तिस्वातंत्र्यावरचा एक भाषांतरित निबंधसंग्रह होता. त्यातलं एकेक वाक्य अर्धं पान जायचं. तो कुणी नेला नाही, पण त्याच्याशिवाय फळीला वजन आलं नसतं. आणि एक पिवळ्या कव्हरचं पुस्तक होतं, नोकरीसाठी एकटं राहणाऱ्या बायकांसाठी लिहिलेलं.

प्रत्येक पुस्तकात मी एक चिठ्ठी ठेवली, माझ्या अक्षरात, दोन ओळींची शिफारस. माझं अक्षर चांगलं आहे. पिवळ्या पुस्तकात मी लिहिलं होतं, 'प्रत्येक घरात असायलाच हवं. संकोच न करता न्या.' अध्यक्षांनी ती चिठ्ठी सभेत मोठ्याने वाचून दाखवली. टाळ्या पडल्या.

त्याच सुमारास, एप्रिलमध्ये, बायकोने मला एक कागद दाखवला. हरसूलला एका संस्थेच्या शाळेत शिक्षिका हवी होती. तिने अर्ज केला होता, मुलाखतही देऊन आली होती. मला वाटलं होतं ती मैत्रिणीकडे गेली आहे. जूनपासून रुजू व्हायचं होतं. रोज त्र्यंबकवरून घाट चढून जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणजे सोमवार ते शनिवार तिथेच खोली घेऊन राहायचं.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

"तुझं तू ठरव," मी म्हणालो. फळी लावून मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. दुसरं काय म्हणणार?

"मला भीती वाटते हो. एकटी कधी एक रात्रसुद्धा राहिले नाही मी. तुमच्या वाचनालयात ते पिवळं पुस्तक आलंय ना? समोरच्या वहिनी सांगत होत्या. ते आणा. नीट वाचून बघते, मग ठरवते."

दुसऱ्या दिवशी वाचनालयात ते पुस्तक मी उभ्याउभ्याच वाचायला लागलो आणि बसून संपवलं. खोली बघताना आधी आतली कडी तपासायची, एस.टी.त कंडक्टरजवळच्या बाकावर बसायचं, गावात गेल्यावर पहिल्याच दिवशी नर्सचं घर विचारून ठेवायचं, अशा साध्यासाध्या गोष्टी होत्या. कुणीही बाई वाचेल आणि म्हणेल, एवढंच ना! शेवटी एक प्रकरण होतं नकाराबद्दल. नको असलेल्या गोष्टीला नाही म्हणताना प्रत्येक वेळी कारण द्यावं लागत नाही, असं त्यात समजावून सांगितलं होतं.

मी पुस्तक मिटलं. हे वाचलं की ती जाणार, हे मला स्पष्ट दिसलं. तिथे तिला काही होईल ही भीती मी स्वतःला दाखवायला पुढे करत होतो. खरं सांगायचं तर मला चहासुद्धा करता येत नव्हता. घरी आल्यावर दार कुणी उघडणार नाही, पाणी कुणी विचारणार नाही. आणि त्याहून आतलं म्हणजे, तिला माझ्यावाचून नीट जमलं तर मग मी कोण? स्वावलंबनाच्या फळीसमोर उभा राहून मी हा विचार करत होतो.

घरी गेल्यावर ती म्हणाली, "आणलंत?"

"बाहेर गेलंय," मी म्हणालो.

वाचनालय चालवणाऱ्याच्या तोंडी हे दोन शब्द दिवसातून दहादा असतात. त्यामुळे खोटं बोलतोय असं वाटलंच नाही. पण दुसऱ्या संध्याकाळी मला नोंदवहीची लाज वाटायला लागली. बायकोशी खोटं बोललो त्याचं काही नाही, नोंदवही खोटी पडेल याची काळजी! एकशे बारा नंबरचे सभासद प्राध्यापक होते, ते त्याच महिन्यात पुण्याला बदलून गेले होते. त्यांचं कार्ड ट्रेमध्येच पडून होतं. मी पिवळं पुस्तक त्यांच्या कार्डावर चढवलं, मागच्या कागदावर तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक टेबलाच्या खणात, शाईच्या पॅडखाली ठेवून दिलं. आता ते खरोखरच बाहेर गेलं होतं.

दर पंधरा दिवसांनी मी त्यावर नवा शिक्का मारायचो. मुदत संपून दंड लागला तर अध्यक्ष कार्ड बघतील म्हणून.

तिने मे महिन्यात चारदा विचारलं. "अहो, आलं का ते?" "नाही गं, लोक परत करत नाहीत." चौथ्या वेळी ती म्हणाली, "जाऊ दे. एवढं पुस्तकावर काय अडलंय." पण अडलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने संस्थेला नकाराचं पत्र लिहिलं आणि टाकायला माझ्याकडेच दिलं. मी कचेरीत जाताना ते पेटीत टाकलं. त्या दिवशी डब्यात वांग्याचं भरीत होतं, आणि ते मला आवडलं, हेसुद्धा लक्षात आहे.

वर्ष तसंच गेलं. तिने त्या नोकरीचा विषय काढला नाही. मी तिला कादंबऱ्या नेत राहिलो.

दर मार्चमध्ये वाचनालयाची पुस्तकमोजणी असायची. एकाने वहीतला दाखल क्रमांक पुकारायचा, दुसऱ्याने कपाटात बघून 'आहे' किंवा 'बाहेर' म्हणायचं. त्या वर्षी माणसं कमी पडली, तेव्हा अध्यक्षांनीच फर्मान काढलं, "ज्यांनी वर्षभर फुकट कादंबऱ्या वाचल्या त्या सगळ्या वहिनींना बोलवा!" अशी माझी बायको पहिल्यांदा वाचनालयात आली. वही घेऊन ती माझ्याच टेबलाशी बसली. मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरून उत्तरं देत होतो. भोवती सात-आठ माणसं, चहाचे पेले, धुळीने शिंका.

मोजलेल्या प्रत्येक पानावर शिक्का मारायचा असे. पॅड सुकलं. "दुसरं पॅड कुठंय हो?" म्हणत तिने खण ओढला.

मी वर होतो. हातात पुस्तकांचा गठ्ठा. खाली उतरेपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

"अहो, हे तर इथेच आहे! मी मागितलेलं!" ती म्हणाली. पिवळं पुस्तक तिच्या हातात. तिने मागचा कागद उघडला. शिक्क्यांच्या रांगा. वरचे पुसट झालेले, शेवटचा आठ दिवसांपूर्वीचा.

"काय सापडलं?" अध्यक्ष चष्मा सावरत आले. कार्ड काढून बघितलं, पुस्तक बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि असे हसले की पेला हिंदकळला. "वा सचिव! पुण्याला गेलेल्या माणसाच्या कार्डावर पुस्तक धरून ठेवलंत? सौभाग्यवतींसाठी? दर पंधरवड्याला शिक्का मारून? अहो, नियमबाह्य आहे हे, पण काय प्रेम म्हणायचं!"

सगळे हसले. एक वहिनी म्हणाल्या, "आमचे हे मीठसुद्धा सांगितल्याशिवाय आणत नाहीत."

बायको वर बघत होती. चेहरा असा उजळलेला मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. "मी नोकरीला नाही म्हटलं होतं तरी माझ्यासाठी धरून ठेवलंत?" तिने हळू विचारलं.

मी स्टुलावरून म्हणालो, "हो."

एवढंच. एक अक्षर. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात फायद्याचं खोटं.

पुस्तक तिने तीन दिवसांत वाचलं. चौथ्या दिवशी स्वतःच हरसूलला पत्र टाकलं, आणि त्या जूनमध्ये जागा पुन्हा रिकामी होती म्हणून तिला ती मिळाली. सोडायला मी बरोबर गेलो. एस.टी.त ती कंडक्टरजवळच्या बाकावर बसली. खोली बघताना आधी आतली कडी हलवून पाहिली. घरमालकीण पन्नाशीची, कंबरेला पदर खोचलेली. कडी हलवणाऱ्या माझ्या बायकोकडे बघून ती म्हणाली, "बाई, कडीचं काय नाय. मी बाजूलाच हाय. तू नुस्ता आवाज टाक." मग माझ्याकडे वळून, "आन तुमी? तुमी तिकडं काय खानार?"

"बघू," मी म्हणालो.

"बघू म्हंजे उपाशी!" दोघी हसल्या.

उपाशी राहिलो नाही. पहिले चार महिने खानावळीचं खाल्लं, मग घरदुरुस्तीचं ते जाडजूड पुस्तक घरी नेलं आणि त्यावरून सुरुवात केली, कारण नळ गळायला लागला होता. नळ जमला तसा धीर आला. वरणभात जमला, पोळ्यांचे नकाशे यायचे पण भाजलेले असायचे. शनिवारी ती यायची, पिशवीत आठवडे बाजारातली नागली, करवंदांच्या दिवसांत करवंदं. मी ताट वाढायचो. ती पहिला घास घेऊन म्हणायची, "मीठ राहिलं," आणि जेवायची. त्या शनिवारांइतका आनंदी मी त्याआधी कधी नव्हतो. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. जे होऊ नये म्हणून मी एवढा आटापिटा केला होता, त्यातूनच माझं बरं झालं.

आणि ती जिथे जाईल तिथे ती गोष्ट सांगायची. शाळेत, नातेवाइकांत, तिच्या भावाकडे. "ह्यांनी वर्षभर माझ्यासाठी पुस्तक लपवून ठेवलं होतं, म्हणून मी आज इथे आहे." लपवून हा शब्द ती कौतुकाने वापरायची. मी प्रत्येक वेळी पाणी आणायला म्हणून उठायचो.

दहा वर्षांनी ती मुख्याध्यापिका झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचा सत्कार ठेवला होता. भाषणात तिने तीच गोष्ट सांगितली आणि ध्यानीमनी नसताना मला स्टेजवर बोलावलं. माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. "सरांनी दोन शब्द बोलावेत," सूत्रसंचालक म्हणाले. मी माइकसमोर उभा राहिलो. समोर घरमालकीण बसली होती, आता पार पिकलेली, शेजारणीला सांगत होती, "असा नवरा लय कमी बघायला भेटतो." मी "धन्यवाद" म्हणून खाली उतरलो. लोकांना तेही आवडलं.

परतताना गाडी ती चालवत होती. जुनी चारचाकी तिने स्वतःच्या पगारातून घेतली होती. मला चालवता येत नाही. दुपारची वेळ. त्र्यंबकच्या अलीकडचा आंबोलीचा घाट ओलांडून सपाटीला लागलो, तेव्हा मी म्हणालो, "गाडी जरा बाजूला घे."

"मळमळतंय का?"

"नाही. घे."

तिने एका आंब्याखाली गाडी उभी केली. मी समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. पुस्तक वाचलं ते, एकशे बारा नंबरचं कार्ड, पॅडखाली ठेवलं ते.

मग तिने विचारलं, "कधीपासून होतं खणात?"

"एप्रिलपासून. तू पहिल्यांदा मागितलंस त्याच्या तिसऱ्या दिवसापासून."

"म्हणजे जूनच्या आधीपासून."

"हो."

"मी चारदा विचारलं."

"हो."

ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसली. "त्या वर्षी मी नाही म्हटलं ना, तेव्हा मला वाटलं मी भित्री आहे. वर्षभर रोज वाटायचं. शिकवणीच्या पोरींसमोर बसायची मला लाज वाटायची. तुम्हाला दिसत होतं ते?"

दिसत होतं. मी तसं सांगितलं.

"मग का?"

"तुला जमलं असतं म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं होतं. ती मला ओळखू पाहत होती. मग तिने हात लांब करून माझ्या खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि मागच्या सीटवर टाकली. "ही आता तुमच्या अंगावर नको," म्हणाली आणि गाडी सुरू केली.

पुढचे दोन आठवडे ती शनिवारीही आली नाही. घरमालकिणीच्या फोनवर मी फोन केला, तर निरोप आला, "बाई म्हनती कामात हाय." मी रोज स्वयंपाक करायचो आणि रोज दोघांचा करायचो. तिसऱ्या शनिवारी दारात गाडीचा आवाज आला. ती आत आली, हातपाय धुतले, ताटावर बसली. पहिला घास घेतला.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. मग पाणी पिऊन म्हणाली, "वर्ष तर परत मिळत नाही. पण ती गोष्ट मी लोकांना दहा वर्षं चुकीची सांगितली. मला खोटारडं केलंत तुम्ही. ती आता दुरुस्त करायची. जिथे जिथे सांगितली तिथे. मी सांगणार आणि तुम्ही शेजारी बसणार."

"बसेन," मी म्हणालो.

पहिला नंबर तिच्या मोठ्या भावाचा लागला. नाशिकमध्येच, मेरी वसाहतीजवळ त्यांचं घर. मी त्यांना आजही जरा वचकून असतो. चहा झाल्यावर तिने सुरुवात केली, एप्रिलपासून शिक्क्यांपर्यंत, काही न गाळता. दादा ऐकत होते, मिशीत हसत होते. संपल्यावर माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा हं जावईबापू, कशी चेष्टा करते ही तुमची! इतक्या वर्षांनी नवऱ्याला छळायला नवीन गोष्ट काढली."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ही माझी पाळी होती.

कप खाली ठेवायला मला वेळ लागला. "नाही दादा," मी म्हणालो. "खरं आहे. तिने जाऊ नये म्हणून लपवलं होतं. ती म्हणते तस्संच."

दादांचं हसू थांबलं. आत वहिनींचं भांडं वाजायचंही थांबलं.

"अहो," दादा म्हणाले, "मी माझ्या दोन्ही जावयांना तुमचं उदाहरण देत आलो. दोघांना! आता त्यांना काय सांगू?"

"हेच सांग की," बायको म्हणाली. "जास्त उपयोगी पडेल." आणि बशीतली शेवटची शंकरपाळी उचलून तिने माझ्या हातावर ठेवली.

त्यानंतर सहा-सात घरं झाली. हरसूलची घरमालकीण सोडली तर कुणीही पहिल्या फटक्यात विश्वास ठेवला नाही. प्रत्येक ठिकाणी मला तोंड उघडावं लागलं. माझ्यासारख्या माणसाला हे सोपं नाही, पण आता सवय झाली आहे. आणि लग्नकार्यात घास घशाखाली उतरतो.